स्थानकांची चित्रलिपी

मेक्सिको शहरात ४ सप्टेंबर १९६९ रोजी भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग खुला झाला. जमिनीवरून जाणारा मनुष्य ओळखीची इमारत किंवा वळण पाहून आपले ठिकाण ओळखतो. भुयारात यांतील कोणतीही खूण त्याच्या मदतीला येत नाही. त्यात तेथील अनेक प्रवाशांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना नावाच्या पाटीचा काय उपयोग? या प्रश्नाचे उत्तर लान्स वायमन या अमेरिकन डिझायनरने शोधले. रस्ते, स्थानके आणि इमारती यांना अक्षरे, रंग व चिन्हे यांच्या योगे बोलते करण्याच्या कलेचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात.

१९३७ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेल्या वायमन यांचे शिक्षण औद्योगिक डिझाइनचे. १९६६ च्या अखेरीस पीटर मर्डोक या सहकाऱ्यासह ते १९६८ च्या ऑलिंपिकसाठी बोधचिन्ह सुचवण्यास मेक्सिकोला गेले. ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांतून ‘६८’ हा आकडा फुलवणारे आणि भोवती रेषांच्या लहरी पसरवणारे त्यांचे चिन्ह स्वीकारले गेले. त्या लहरींत वीचोल या आदिवासींच्या कलेची ओळख पटते. पाहता पाहता ते तिकिटांवर, पोशाखांवर आणि रस्त्यांवर दिसू लागले.

परंतु सार्वजनिक चिन्ह एकट्या सरकारच्या मालकीचे राहत नाही. स्पर्धांच्या उद्घाटनाला दहा दिवस उरले असताना, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्लातेलोल्को चौकातील विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. आंदोलक विद्यार्थ्यांनी वायमन यांचीच चित्रभाषा हाती घेतली. ऑलिंपिकसाठी काढलेले शांततेचे कबुतर त्यांनी रक्ताळलेले दाखवले. चित्रभाषा लोकांना किती चटकन आपलीशी करता येते, याचा याहून कटू पुरावा क्वचितच मिळेल.

रेल्वेच्या कामात या भाषेला शांततेचे काम मिळाले. प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र, आणि ते स्थळाच्या इतिहासातून घेतलेले. नाहुआत्ल भाषेत चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी. म्हणून तेथे नाकतोडा. पूर्वी शस्त्रागार असलेल्या भागातील बाल्देरास स्थानकावर तोफ. पिनो सुआरेसचे उदाहरण तर विलक्षण आहे. तेथे खोदकामात अ‍ॅझटेकांचे एक छोटे देवस्थान उघडे पडले. ते जागीच जतन करण्यात आले आणि त्याचीच आकृती स्थानकाचे चिन्ह झाली. नाव वाचता न येणारा मनुष्यही ‘नाकतोड्यापाशी उतर’ असे दुसऱ्याला सांगू शकतो, यात या योजनेचे खरे यश आहे. मात्र चित्र बाह्यरेषेपुरते साधे असावे लागते. धावत्या डब्याच्या खिडकीतून तपशील न्याहाळण्यास वेळ नसतो.

पुढे वायमन वॉशिंग्टनला वळले. तेथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात त्यांनी प्राण्यांच्या पाउलखुणांनी वाटा दाखवल्या. १९७६ मध्ये सुरू झालेल्या तेथील मेट्रोचा ठळक रेषांचा नकाशाही त्यांच्या हातचा. त्या स्थानकांनाही चित्रे असावीत ही त्यांची सूचना मात्र मान्य झाली नाही. मेक्सिकोत ती प्रथा टिकली. पुढील मार्ग इतर डिझायनरांनी हाताळले, तरी नव्या स्थानकाला नावाबरोबर चित्रही मिळत गेले.