कॉलेजचा ताण आणि घरचा आधार

आर्वी, पुलगाव, हिंगणघाटहून रोज सकाळी कितीतरी मुलं-मुली बसने, रेल्वेने वर्ध्याला कॉलेजला येतात. त्यांत उर्दू माध्यमातून दहावी झालेलीही असतात. शाळेत जी गोष्ट 'जियाई तालीफ' म्हणून पाठ केली, ती अकरावी सायन्सला एकदम 'फोटोसिंथेसिस' होते. उत्तर येत असूनही मूल हात वर करत नाही. पहिल्याच चाचणीत गुण घसरतात आणि घरी विचारणा सुरू होते.

थोडा ताण वाईट नाही. तोच मुलाला पुस्तकाजवळ बसवतो. पण झोप उडणं, भूक मरणं, छातीत धडधडणं, सारखं पोट बिघडणं, मित्रमैत्रिणींना टाळणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर आळस किंवा मोबाईलचं वेड म्हणून सोडून देऊ नये.

विद्यार्थ्यांनी एक वही करावी. पानावर तीन रकाने आखा: उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज दहा शब्द लिहिले तर महिन्यात तीनशे होतात आणि धडा ओळखीचा वाटू लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. घाबरल्यासारखं झालं तर श्वास हळू घ्या आणि त्याहून हळू सोडा. अडलेलं शिक्षकांना वर्गानंतर विचारा.

अम्मी-अब्बूंनी शेजारच्या मुलाचे गुण घरात मोजू नयेत. मुलीला तर 'नापास झालीस तर शिक्षण बंद' असा धाक मुळीच दाखवू नये. त्या भीतीने ती आपली अडचण सांगणंच सोडते. निकालाआधी 'आज कसं वाटतंय?' एवढं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

दुआ करावीच, दवाही घ्यावी. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं. मूल 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं तर त्याला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी मदत घ्या. लोक काय म्हणतील, हा प्रश्न नंतरचा. गेलेलं वर्ष पुन्हा मिळतं, मूल मिळत नाही.