अग्निभिंतीचीं छिद्रें

लहान विमानांत बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या नजरेंतून एक वस्तु बहुधा निसटली असेल. वैमानिकाच्या पायांपुढें, काटे आणि तबकड्या बसविलेल्या फळीच्या खालीं, एक साधा पत्रा उभा असतो. त्याच्या अलीकडे माणसें बसलेलीं असतात; पलीकडे, हातभर अंतरावर, एंजिन धडधडत असतें. पेट्रोल, तेल, लाल होईपर्यंत तापणारी धुराची नळी आणि विजेची ठिणगी ह्या चार वस्तु जेथें शेजारीं शेजारीं नांदतात, तेथून माणसांना वेगळें ठेवणारा तेवढाच एक पडदा. इंग्रजींत त्याला ‘फायरवॉल’ म्हणतात. मराठींत त्यास अग्निभिंत म्हणावयास हरकत नाहीं.

भिंत म्हटली तरी तिची जाडी ऐकून नवल वाटेल. न गंजणाऱ्या पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, ०.०१५ इंच जाडीचा पत्रा ह्या कामीं पुरेसा मानला गेला आहे. एका मिलिमीटरचे चार दशांशहि तो भरत नाहीं. मात्र त्याच्याकडून अपेक्षा मोठी असते. अमेरिकेच्या विमानविषयक नियमांनीं लहान विमानांसाठीं पुष्कळ वर्षें असें प्रमाण ठरवून दिलें होतें कीं, सुमारें २००० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ११०० अंश सेंटिग्रेड उष्णतेची ज्वाला ह्या भिंतीला १५ मिनिटें लागून राहिली, तरी ती आरपार जातां कामा नये. २०१७ सालीं ह्या नियमांची मांडणी बदलली. परंतु एंजिनाच्या आगीपासून माणसांचें रक्षण व्हावें हा मूळ हेतु बदलला नाहीं.

ह्या पंधरा मिनिटांचें मोल वैमानिकाला विचारावें. पांच हजार फूट उंचीवर आग लागली आणि विमान मिनिटाला एक हजार फूट ह्या वेगानें खालीं आणलें, तरी जमिनीस टेकेपर्यंत पांच मिनिटें जातात. त्या अवधींत उतरण्याजोगें शेत शोधावयाचें, पेट्रोलचा कॉक बंद करावयाचा, विमान थांबवावयाचें आणि माणसांना बाहेर काढावयाचें. इतका वेळ वैमानिकाचे पाय आणि आग ह्यांच्यामध्यें तो पातळ पत्रा उभा राहिला पाहिजे.

पोलादाचा अखंड पत्रा हें काम करूं शकतो. अडचण अशी कीं, अखंड पत्रा विमानाच्या उपयोगाचा नाहीं. एंजिनाला पेट्रोल पोंचलें पाहिजे, वैमानिकाच्या हातांतील दांड्याची ओढ कार्ब्युरेटरपर्यंत गेली पाहिजे. आणि सर्वांत अधिक गर्दी असते ती विजेच्या तारांची. एंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरची जाडजूड तार, वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची तार, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या तारा, तेलाचा दाब व सिलिंडरांची उष्णता सांगणाऱ्या बारीक तारा, ह्या सर्वांना वाट हवी. म्हणून भिंतीला छिद्रें पाडावीं लागतात. आणि मग भिंतीचें सामर्थ्य पत्र्यावर अवलंबून राहत नाहीं. तें तिच्या सर्वांत दुबळ्या छिद्राएवढेंच उरतें.

छिद्र पाडण्यापासूनच सावधगिरीला सुरुवात होते. स्टेनलेस पत्र्यावर गिरमिट वेगानें फिरविलें कीं पत्रा तापून अधिकच कठीण होतो. म्हणून तें सावकाश, नेटानें दाबून आणि तेल सोडून फिरवावें लागतें. छिद्राची कड सुरीच्या पात्यासारखी धारदार असते. ती कानशीनें गुळगुळीत केली नाहीं, तर एंजिनाच्या अखंड थरथरीनें तारेचें वेष्टन हळूहळू कापलें जातें. मॅग्नेटोची तार अशी उघडी पडून धातूला टेकली, तर तो मॅग्नेटो बंद पडतो. स्टार्टरच्या तारेला बहुतेक लहान विमानांत फ्यूज नसतो; ती टेकली तर बॅटरीची सारी शक्ति त्या एका ठिकाणीं ठिणग्यांच्या रूपानें बाहेर पडते. म्हणजे आगीपासून रक्षण करणाऱ्या भिंतीचें छिद्रच आगीचें उगमस्थान होतें!

हें घर्षण टाळण्यासाठीं छिद्रांत रबराचें खांचदार कडें बसवितात. कारागीर त्याला ग्रॉमेट म्हणतात. तारेचें संरक्षण तें उत्तम करतें, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं छिद्र बुजलें, काम झालें. चुकीचें मूळ येथेंच आहे. रबर ज्वालेपुढें टिकत नाहीं. नायलॉनचें कडें वितळून गळून पडतें. अल्युमिनियमचें बूच अधिक भरंवशाचें दिसतें खरें; पण शुद्ध अल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें, आणि परीक्षेची ज्वाला तर ११०० अंशांच्या घरांतली. तांबें सुद्धां १०८५ अंशांना पातळ होतें. चौदाशें अंशांच्या आसपासपर्यंत टिकाव धरणारें पोलाद तेवढें ह्या स्पर्धेंत उरतें. म्हणून नियम असा कीं, जी वस्तु भिंतीच्या छिद्रांत बसवावयाची, ती भिंतीइतकीच आगीला पुरून उरणारी असावी. पोलादी भिंतीला रबराचें बूच लावणें म्हणजे किल्ल्याच्या दरवाज्याला कागदाचा दिंडी-दरवाजा ठेवण्यासारखें आहे.

दुसरी फसवणूक आहे ती नळींतून पिळून लावावयाच्या सिलिकोनच्या लुकणाची. तांबड्या रंगाचें आणि ‘उष्णता सोसणारें’ म्हणून विकलें जाणारें हें लुकण सुमारें तीनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत चांगलें काम देतें; एंजिनाच्या रोजच्या उष्णतेला तें पुरतें. पण रोजची उष्णता निराळी आणि आग निराळी. प्रत्यक्ष ज्वाला लागली कीं तें जळून भुसभुशीत राख होतें, आणि वाऱ्याच्या झोतानें ती राख उडून छिद्र मोकळें होतें.

मग योग्य उपाय कोणता? एकट्या-दुकट्या तारेसाठीं रबरी कड्यावर पोलादाचें दुहेरी झांकण बसवितात. त्याचे दोन अर्ध तारेभोंवतीं जुळवून भिंतीशीं पक्के केले, म्हणजे ज्वालेला रबर दिसतच नाहीं. तारांचा मोठा जुडगा असेल, तर पोलादी नळीचा आखूड तुकडा चकतीसह भिंतीवर बसवितात. त्याचे रिवेटहि पोलादाचेच असावे लागतात. जुडगा ह्या नळींतून ओंवल्यावर तिच्यावर कांचतंतूंची विणलेली, सिलिकोनचा लेप दिलेली बाही चढवितात. बाहीचें एक टोंक नळीवर आणि दुसरें तारांवर पोलादी पट्ट्यांनीं आवळतात, आणि आंतली पोकळी आगीसाठींच बनविलेल्या लांबीनें भरतात.

ह्या लांबीचा गुण समजून घेण्यासारखा आहे. आग लागली कीं प्रथम तारांचें वेष्टन जळतें. वेष्टन गेलें कीं उघड्या तांब्याभोंवतीं मोकळी फट पडते, आणि बाहेरून उत्तम बुजविलेल्या छिद्रांतूनहि ज्वालेला वाट मिळते. ही विशिष्ट लांबी उष्णतेनें आकसत नाहीं. उलट फुगते, आणि जळालेल्या वेष्टनाची जागा स्वतः व्यापून टाकते. मात्र ती तारांच्या मध्यें पोंचलेली असली पाहिजे. गोल तारा एकत्र बांधल्या कीं त्यांच्यामध्यें बारीक पोकळ्या राहतातच. म्हणून कुशल कारागीर जुडगा सैल करतो, तारा पसरवितो, प्रत्येक तारेभोंवतीं लांबी दाबतो, आणि नंतरच जुडगा आवळतो. बाहेरून नुसता गिलावा करणाऱ्याचें काम आणि ह्याचें काम दिसावयास सारखेंच असतें. त्यांतला फरक आगीच्या दिवशींच दिसतो.

परंतु छिद्रांचें भय आगीपुरतेंच नाहीं. आग क्वचित् लागते. एंजिनाचा धूर मात्र रोजचा. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें तो घट्ट चिकटतो. डोकें जड होतें, झोंप येऊं लागते, निर्णय चुकूं लागतात. आणि आपला निर्णय चुकत आहे हें ज्याला कळावयाचें, तो मेंदूच मंदावलेला असतो. अनेक लहान विमानांत उड्डाणाच्या वेळीं माणसांच्या कक्षांतील हवेचा दाब एंजिनाच्या बाजूपेक्षां किंचित् कमी असतो. त्यामुळें धुराची नळी कोठें तडकली, तर भिंतीची प्रत्येक फट तो वायु आंत ओढून घेते.

ह्या वायूचें सामर्थ्य एका अपघातानें जगापुढें आलें. २१ जानेवारी २०१९ रोजीं फ्रान्समधील नांत येथून वेल्समधील कार्डिफकडे निघालेलें पायपर मालिबू जातीचें एक-एंजिनी विमान गर्न्सी बेटाजवळ समुद्रांत कोसळलें. त्यांत आर्जेंटिनाचा फुटबॉलपटु एमिलियानो साला व वैमानिक असे दोघे होते. सालाच्या रक्तांतील ५८ टक्के हिमोग्लोबिन ह्या वायूनें व्यापलेलें आढळलें. ब्रिटनच्या विमान-अपघात तपास शाखेनें २०२० सालच्या अहवालांत, वैमानिकावरहि ह्याच वायूचा परिणाम झालेला असावा असा निष्कर्ष काढला, आणि अशा विमानांत वायूची सूचना देणारें यंत्र असावें अशी शिफारस केली. त्या अपघाताचा दोष तारेच्या एखाद्या छिद्रावर ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु नीट न बुजलेल्या जागा ह्या वायूला कक्षांत येण्याची वाट देऊं शकतात, ही गोष्ट त्या तपासाच्या वेळीं स्पष्टपणें सांगितली गेली.

कारखान्यांत बनलेल्या विमानावर तपासनिसांची नजर असते. पण अमेरिकेंत हौशी माणसें सुट्या भागांची पेटी आणून आपल्या घरच्या गॅरेजमध्यें विमानें बांधतात, आणि अशीं विमानें तेथें हजारोंनीं उडतात. अर्ध्याहून अधिक काम बांधणाऱ्यानें स्वतः करावयाचें, हाच तेथील नियम. कारखानदारी विमानांचे अग्निभिंतीविषयींचे नियम ह्या विमानांना बंधनकारक नाहींत. तेथें छिद्र कशानें बुजवावें हें बांधणाऱ्याच्या विवेकावर सोपविलेलें असतें. आणि त्या भिंतीमागें पुढें बसणार असतात तीं बहुधा त्याचींच माणसें.

काम पुरें झाल्यावर करावयाची परीक्षा अगदीं सोपी आहे. रात्रीं दिवे मालवावे, एंजिनाच्या बाजूस एक प्रखर दिवा ठेवावा, आणि माणसांच्या बाजूनें भिंतीकडे पाहावें. जेथून प्रकाशाचा कण दिसेल, तेथून वायुहि येईल आणि ज्वालाहि. नवें उपकरण बसवितांना पाडलेलें आणि पुढें रिकामें राहिलेलें छिद्रहि ह्या परीक्षेंत सांपडतें. त्यावर पोलादी चकती बसवावी. मात्र रबरानें बुजविलेलें छिद्र ही परीक्षा सहज उतरतें. तें ओळखण्यासाठीं दिव्याचा उपयोग नाहीं. प्रत्येक छिद्रापाशीं थांबून, ‘येथें काय भरलें आहे आणि तें किती उष्णता सोसेल?’ हा प्रश्नच विचारावा लागतो.

हाच प्रश्न शहरांतील उंच इमारतींतहि विचारण्यासारखा आहे. तळमजल्यापासून वरपर्यंत विजेच्या तारा ज्या उभ्या पोकळींतून जातात, ती पोकळी मोकळी राहिली, तर खालच्या मजल्यावरचा धूर तींतूनच वर चढतो. म्हणून अशा पोकळ्या प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पदार्थानें बंद कराव्या, असें भारताच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेनेंहि सांगितलें आहे. विमान असो वा इमारत, भिंत बांधणाऱ्याचें काम सर्वांना दिसतें. तींतून तार नेणारा आपल्या मागें छिद्र कसें सोडून गेला, हें कोणी पाहत नाहीं. आणि संकटाच्या वेळीं भिंतीची किंमत त्यावरच ठरते.