मिस्त्री परीक्षेला बसतात

भारतीय विद्युत नियम, 1956 मधला पंचेचाळिसावा नियम काटेकोरपणे पाळला गेला असता, तर आपल्याकडची कित्येक घरं बरीच वर्षं अंधारात राहिली असती. परवाना नसलेल्या माणसाला तो नियम दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडे फारसं काही करू देत नव्हता. बाकी सगळं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून व्हावं, अशी अट. 2010 आणि 2023 च्या सुरक्षा विनियमांतही ती कायम राहिली. प्रत्यक्षात घरं उजळली ती परवाना नसलेल्या मिस्त्रींनी.

हे मिस्त्री हेल्पर म्हणून लागायचे. आधी भिंती फोडायच्या, लाकडी पट्टीला खिळे मारायचे, मग कधीतरी उस्ताद बोर्ड भरायला द्यायचा. केसिंग-कॅपिंग गेली, कन्सिल फिटिंग आली, फ्यूजच्या जागी एमसीबी आली. हे लोक बघत बघत सगळं शिकले. मजुरी पॉइंटप्रमाणे, हिशेब डायरीच्या मागच्या पानावर. कागद लागायचा तो फक्त मीटर घेताना. तिथे टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही हवी. ती सही पैसे मोजून मिळायची, आणि सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलंही नसायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं.

शिकून यायचा रस्ता नव्हता असं नाही. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. पण आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्याला दहावी लागायची. ज्याच्यावर घर चाललंय त्याने दोन वर्षं बाकावर बसायचं कसं? म्हणून अनुभवी लोकांपुढे दोनच वाटा उरायच्या: आयटीआयच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसायचं, नाहीतर राज्याच्या अनुज्ञापक मंडळामार्फत तारतंत्री परवाना काढायचा. दोन्हीकडे अनुभवाचा दाखला हवा. आयुष्यभर सुटी कामं केलेल्या माणसाला तो देणार कोण? ज्या ठेकेदाराने हजेरीपटावर नावच घेतलं नाही, त्याच्याच दारात जावं लागे.

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, त्यामुळे अशा उमेदवारांच्या परीक्षा जवळून पाहिल्या. प्रात्यक्षिकात ते आमच्या मुलांना केव्हाच मागे टाकत. जिन्याची वायरिंग सांगितली की आकृतीकडे न बघता दोन टू-वे स्विच जोडून मोकळे. गडबड व्हायची ती इन्सुलेशन मोजायचा मेगर हातात दिल्यावर. 500 व्होल्टला इन्सुलेशनचा रोध निदान एक मेगोहम हवा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. टेस्टर पेटला म्हणजे लाइन आली, दिवा लागला म्हणजे काम झालं, एवढीच त्यांची तपासणी.

अर्थिंगचा प्रश्न निघाला की वाद ठरलेला. एकाने ठणकावून सांगितलं होतं, ‘साहेब, नळाला जोडतो. आजवर कुणाची तक्रार नाही.’ लोखंडी नळ होते तोवर ते कसंबसं निभावलं. पुढे नळ प्लास्टिकचे झाले आणि कित्येक घरांची अर्थिंग कुणाच्या नकळत गेली. त्याला फळ्यावर गणित मांडून दाखवलं. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्टला गळती साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी त्याने पडणार नाही, आणि गिझरच्या पत्र्यात करंट तसाच राहील. तिथे गळती ओळखून पडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी. तो फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, की आधी केलेल्या घरांचं काय करू?

त्या दिवसापासून ‘अनुभव आहे, कागद कशाला’ हे वाक्य मला पटेनासं झालं. अनुभवाने हात तयार होतो. बिघाड होण्याआधी तो मोजायची सवय मात्र परीक्षेच्या निमित्तानेच लागते, निदान मी तरी तसंच पाहिलं.

2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि तिच्यात पूर्वानुभवाला मान्यता द्यायची सोय झाली. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण साधारण 12 तासांची उजळणी, एक चाचणी आणि हातात प्रमाणपत्र, एवढ्यात मेगर किती जणांच्या हाती लागला असेल? शिवाय ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे अनेकांना उशिरा कळलं. आखातात जाणाऱ्यांना त्याची थोडी मदत झाली असेल. टेस्ट रिपोर्टवर सही करण्याचा हक्क त्याने मिळत नाही. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय घेतले, त्यांत सुतार, गवंडी, न्हावी, शिंपी आहेत, वीजतंत्री नाही. पारंपरिक कारागिरांची योजना म्हणून ते समजण्यासारखं आहे, तरी मला ते खटकतंच.

बरीच वर्षं काम केलेल्या मिस्त्रींनी परवान्याचा अर्ज जरूर भरावा, आणि ज्यांच्या हाताखाली ते राबले त्या ठेकेदारांनी अनुभवाचा दाखला अडवू नये. घरमालकांनी टेस्ट रिपोर्टवरची सही बघून गप्प बसू नये. मेगरचं आणि अर्थिंगचं रीडिंग आपल्यासमोर घ्यायला लावावं, मगच शेवटचा हप्ता द्यावा.