मूत्रातील संप्रेरकांचा हिशेब

रोग ओळखावयाचा तर आरोग्याचे माप आधी ठाऊक असावे लागते. संप्रेरकांच्या बाबतीत हे माप निरोगी स्त्री-पुरुषांच्या मूत्रपरीक्षणातून मिळू शकते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी, तसेच पुरुषांतील वृषण व स्त्रियांतील बीजांडकोश, कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड संप्रेरके तयार करतात. रक्तदाब, रक्तातील साखर, क्षारांचा समतोल आणि प्रजनन यांचे नियमन त्यांच्याकडे असते. काम संपलेल्या संप्रेरकांचे यकृतात रूपांतर होते. ती ग्लुक्युरॉनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी जोडली जाऊन पाण्यात विरघळू लागतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. या अवशेषांवरून मूळ संप्रेरकाच्या निर्मितीचा अंदाज बांधता येतो.

१९३१ साली जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी पोलिसांचे सुमारे १५ हजार लिटर मूत्र गोळा करून त्यातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. १९३५ मध्ये झिमरमन यांनी या वर्गातील काही द्रव्यांसाठी रंगपरीक्षा शोधून काढली. परंतु तीत अनेक द्रव्यांची बेरीज एकत्रच मोजली जाई. आता वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोडीने एकाच नमुन्यातील अनेक द्रव्ये निरनिराळी मोजता येतात. त्यासाठी प्रथम विकरांच्या साहाय्याने ग्लुक्युरॉनिक आम्लाचे व सल्फेटचे बंध तोडले जातात.

रक्त तपासणे सोपे असताना मूत्राचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात पहाटे-सकाळी भरपूर, तर मध्यरात्री अत्यल्प असते. रक्ताचा एक नमुना म्हणजे त्या एका क्षणाची नोंद. २४ तासांचे मूत्र म्हणजे संपूर्ण दिवसाचा जमाखर्च होय.

हा जमाखर्च बिनचूक राहणे नमुना देणाऱ्याच्या हाती असते. सकाळचे पहिले मूत्र टाकून देऊन वेळ टिपावी. त्यानंतरचे प्रत्येक वेळचे मूत्र, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या मूत्रासह, दिलेल्या पात्रात जमा करावे. एक वेळ जरी चुकली तरी आकडा फसवा ठरतो. म्हणून प्रयोगशाळा क्रिएटिनिन मोजून संकलन पुरे झाले की नाही, याचा अदमास घेते.

निरोगी प्रौढांचे आकडेही सर्वांचे सारखे नसतात. वय, लिंग, शरीराचे आकारमान, मासिक पाळीतील दिवस आणि गर्भावस्था यांनुसार ते बदलतात. डीएचईए या अधिवृक्क संप्रेरकाचे अवशेष तारुण्यानंतर वयाबरोबर घटत जातात, तर बीजोत्सर्गानंतर स्त्रियांच्या मूत्रातील प्रेग्नेनडायोल वाढते. म्हणूनच संदर्भमर्यादा वयोगटवार व स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र ठरवाव्या लागतात. बहुधा निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ही मर्यादा मानली जाते. अर्थात, शंभरांतील पाच निरोगी व्यक्तीही तीबाहेर पडतात. केवळ आकड्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या, श्वासावाटे घ्यावयाची औषधे, एवढेच नव्हे तर मलमेही या मापनात गोंधळ उडवू शकतात. घेत असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांना द्यावी. मात्र तपासणीसाठी म्हणून कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास मंदावलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराची गरज भागवू शकत नाहीत आणि प्रसंगी जिवावर बेतते.