वाऱ्याच्या मर्जीने

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे, भूगोलाच्या नकाशावर सतरा अंशांहून अधिक उत्तरेस असलेले हैदराबाद चुंबकीय हिशेबाने विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर येते. आणि मूलकणांच्या अभ्यासकास या शहराची थोरवी चारमिनारात किंवा गोवळकोंड्यात न दिसता या आठ अंशांत दिसते. अवकाशातून अहोरात्र येणारे विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन व थोडी जड अणुकेंद्रे. ध्रुवांकडे चुंबकीय रेषांच्या वाटेने हे कण सहज खाली उतरतात. येथे मात्र त्या रेषा जवळजवळ आडव्या पसरलेल्या असल्याने, सरळ माथ्यावरून येणाऱ्या प्रोटॉनापाशी सुमारे सतरा अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा नसेल तर त्याला बाहेरच्या बाहेर परतावे लागते. दुबळ्यांना मज्जाव करणारा हा पहारा निसर्गाने येथे फुकट बसवून दिला आहे. तो ओलांडून आलेल्या कणाची मूळ स्थितीत गाठ घ्यावयाची, तर हवेच्या बहुतेक सर्व थराच्या वर जावे लागते, कारण खाली येता येता तो हवेतील अणुकेंद्रांवर आपटून छिन्नभिन्न होतो व जमिनीवर पोहोचते ती केवळ त्याची संतती.

होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केल्यानंतर थोड्याच काळात रबरी फुग्यांतून उपकरणे वर पाठविण्यास आरंभ झाला. पुढे, विश्वकिरणांत जड अणुकेंद्रे असल्याचा १९४८ चा शोध ज्यांच्या नावाशी निगडित आहे ते बर्नार्ड पीटर्स मुंबईस येऊन राहिले, आणि छायाचित्रणाच्या दाट लेपांतून, ज्यांस इमल्शन म्हणतात त्यांतून, कणांचे माग काढण्याची विद्या येथे रुजली. हैदराबादेस ई.सी.आय.एल. या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या बाजूस संस्थेचे बलून-उड्डाणांचे कायमचे केंद्र उभे राहिले ते १९६९ साली.

या केंद्रातील जे काम मी पाहिले त्यात मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो फुगा शिवण्याचा. शिवणे हा शब्द तसा चुकीचाच, कारण सुई कोठेच नसते. लांबलचक मेजांवर पॉलिथिनचे पट्टे अंथरलेले, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांस निमुळते. दोन पट्ट्यांच्या कडा एकावर एक आणून उष्णतेने सांधावयाच्या, सांध्यावरून वजन पेलणारी बळकट फीत बसवावयाची, आणि मग तिसरा पट्टा, चौथा पट्टा, असे करीत पुऱ्या फुगल्यावर पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा होणारा गोल सपाट घड्यांच्या रूपाने पेटीत भरावयाचा. पापुद्र्याची जाडी लिहिण्याच्या कागदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. एखादे सूक्ष्म छिद्र नजरेतून निसटले तर अनेक महिन्यांची मेहनत आणि वर लटकविलेले उपकरण, दोन्ही वाया; म्हणून काम करणारे लोक हळू चालतात, हळू बोलतात, आणि प्रत्येक सांधा प्रकाशासमोर धरून पाहतात. शोधनिबंधांच्या शिरोभागी यांची नावे क्वचितच येतात, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

या पापुद्र्यास ज्या थंडीतून जावे लागते ती ध्रुवावरच्या थंडीपेक्षाही कडक असते, हे उष्ण कटिबंधात वाढलेल्या माणसास सहजासहजी खरे वाटणार नाही. परंतु येथे सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरची हवा उणे ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही खाली, गारठलेली असते, आणि समशीतोष्ण देशांसाठी घडविलेले प्लास्टिक तेथे ठिसूळ होऊन तडकण्याचे भय असते. म्हणून केंद्राने स्वतःचा ‘अँट्रिक्स’ नावाचा पापुद्रा सिद्ध केला; त्याच्याच ३.८ मायक्रॉन जाडीच्या अतितलम प्रकाराचा एक फुगा २०१४ मध्ये एक्कावन्न किलोमीटरांपलीकडे जाऊन आला.

उड्डाण रात्री किंवा पहाटे व्हावयाचे, कारण तेव्हा जमिनीजवळचा वारा पडलेला असतो. विमानवाहतूक खात्याची परवानगी हाती असते, हायड्रोजनच्या टाक्या तैनात असतात, ठिणगी उडेल अशी एकही वस्तू मैदानावर आणण्यास सक्त मनाई असते. आणि इतकी सगळी तजवीज झाल्यावर सर्वजण थांबतात. लहान फुगे सोडून वाऱ्याचा अंदाज पुनःपुन्हा घेतला जातो, तो प्रतिकूल आला की कोणीही वाद घालीत नाही. नंतर वायू भरतात तो फुग्याच्या केवळ माथ्याकडच्या भागात. उरलेला पापुद्रा जमिनीवर लोळत असतो, कारण वर हवेचा दाब इतका क्षीण होतो की तोच वायू शंभरपटींहून अधिक फुगून सारा गोल व्यापतो. सोडल्यावर फुगा, त्याखाली पॅराशूट, आणि त्याखाली दोरावर उपकरण, असा तो लंबायमान ताफा मिनिटास सुमारे तीनशे मीटर या बेताने चढू लागतो.

कणांचा शोध अगदी उलट रीतीनेही घेता येतो. याच शहरात, गच्चीबावलीच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ, शिकागोजवळ निर्माण केलेले न्यूट्रिनो नावाचे कण ८१० किलोमीटर जमिनीखालून मिनेसोटातील चौदा हजार टनांच्या शोधकापर्यंत जातात त्या ‘नोव्हा’ प्रयोगात सहभागी आहेत. त्या प्रयोगाने जपानच्या ‘टी-टू-के’ या तशाच प्रयोगाशी मिळून केलेले विश्लेषण २०२५ च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये आले. तेथे कणांचा झोत यंत्राच्या हुकमाने, ठरल्या क्षणी निघतो. बलूनवाल्याच्या हाती हुकूम नाही. आकाश देईल तो कण आणि वारा देईल ती दिशा त्याने स्वीकारावयाची. मात्र कोणत्याही मानवनिर्मित यंत्रास न साधलेल्या ऊर्जेचे कण या आकाशातूनच येतात, म्हणून या अगतिकतेची कीव करण्याचे कारण नाही.

तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर काही तास तरंगल्यावर बिनतारी आज्ञेने दोर तुटतो आणि उपकरण रंगीत पॅराशूटने खाली येते, पुष्कळदा हैदराबादेपासून दोन-तीनशे किलोमीटरांवर. यास्तव उड्डाणांच्या हंगामापूर्वी जे जाहीर निवेदन निघते त्यात तेलंगणाबरोबर कर्नाटकाचे बीदर, आणि आपले नांदेड, लातूर, धाराशिव, सोलापूरही असतात. निवेदन सांगते: उतरलेली पेटी उघडू नये, आत विजेचा उच्च दाब असू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्यास, टपाल कचेरीस किंवा जिल्हा अधिकाऱ्यास वर्दी द्यावी. वस्तू जशीच्या तशी राखणाऱ्यास बक्षीस मिळेल. यांतील बहुतेक भाग ज्या जुन्या निजामी मुलुखातला, त्याची भाषिक वाटणी होऊन कैक वर्षे लोटली. वाऱ्याला तिची खबर नाही.

उपकरण विजेवर चालणारे असेल तर त्याची नोंद खंडित करता येते. इमल्शनला मात्र खटका नसतो. ते धुतले जाईपर्यंत त्यातून जाणारा प्रत्येक विद्युत्‌भारित कण आपला माग सोडीत राहतो, आणि उष्णतेने आधीचे माग पुसट होऊ लागतात. उमरगा तालुक्यातील एखाद्या शिवारात उतरलेला असा संच रात्रभर ठाण्यात पडून राहिला, तर त्या रात्री ठाण्याच्या छपरातून उतरलेल्या कणांचीही नोंद त्यात होते, आणि ती निराळी काढण्याचे काम सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्यांच्या वाट्यास येते.