पेंढ्याची गोल गाठ: भाव नगावर की किलोवर?

धसई आणि आसपासचा मुरबाड तालुका भातशेतीचा. दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी उरकली की पेंढा मोकळा होतो. तो भाऱ्यांत बांधतात, तसाच ट्रॅक्टरच्या बेलरने गोल गाठींतही वळता येतो. लहान बेलरची गाठ साधारण 15 ते 25 किलोंची भरते, त्यामुळे नगावर ठरवलेला भाव फसवा ठरतो. गाठ काट्यावर घालूनच घ्यावी.

वजनानंतर पाहायची ती ओल, आणि खरा पैसा तिथेच मुरतो. समजा, 20 किलोंची गाठ 100 रुपयांना मिळाली. ओल 12 टक्के असेल तर कोरडा चारा 17.6 किलो, म्हणजे किलोला सुमारे 5 रुपये 70 पैसे. ओल 25 टक्के असेल तर तो 15 किलोच भरतो आणि दर 6 रुपये 67 पैशांवर जातो. शिवाय ओली गाठ आतून तापते, बुरशी धरते. गाभ्यात हात घालून पाहावा: ऊब, कुबट वास किंवा काळे डाग असतील तर ती स्वस्तातही घेऊ नये. चांगला पेंढा पिवळसर, खळखळीत आणि बिनधुळीचा असतो.

वाहतूक वेगळी धरावी. गोल गाठींमध्ये पोकळी राहते, टेम्पोत माल कमी बसतो.

पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के. 100 किलोंना 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि 21 दिवस हवाबंद ठेवावे, पोषण वाढते. वासरांना मात्र हा चारा घालू नये.