गडग्यांच्या वाटेवरची शर्यत

मॅरेथॉन म्हटली की डोळ्यांसमोर उभा राहतो तो शहरातील रुंद डांबरी रस्ता, दुतर्फा टाळ्या वाजविणारी गर्दी आणि मनगटावरील घड्याळाशी चाललेली झटापट. धावण्याच्या या छंदाला आता आणखी एक वाट फुटली आहे. डोंगरातील पायवाटांवरून धावण्याच्या या प्रकाराला 'ट्रेल रनिंग' म्हणतात. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर २०१५ साली सुरू झालेली 'शाक्केट्रेल' ही अशाच शर्यतींपैकी एक. अंतर ४७ किलोमीटर, एकूण चढ सुमारे २६०० मीटर आणि वाटेत समुद्राकडे झुकलेले द्राक्षमळे! मित्रांच्या टोळीने मिळून एखादी अवघड गोष्ट करायची असेल, तर यापेक्षा सुंदर जागा सहज सापडणार नाही. मात्र या वाटेचे गणित शहरी मॅरेथॉनपेक्षा अगदी वेगळे आहे.

ही शर्यत ज्या भागात होते त्याचे नाव 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे पाच भूमी. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही ती पाच गावे. समोर समुद्र आणि पाठीशी उभा डोंगर. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. म्हणून येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके डोंगर कोरून पायऱ्यापायऱ्यांची शेती उभी केली. प्रत्येक पायरीला आधार आहे तो चुना-मातीशिवाय, केवळ दगडावर दगड रचून केलेल्या बांधाचा. कोकणातील वाचकाला हा 'गडगा' ओळखीचा वाटेल. युनेस्कोने १९९७ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तर १९९९ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

नाशिकच्या द्राक्षबागेत मांडवाखालून माणूस आरामात चालतो. चिंक्वे तेर्रेमधील पारंपरिक मांडव मात्र समुद्री वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून जमिनीलगत असतो. त्याखाली काम करायचे तर कंबर मोडेपर्यंत वाकावे लागते. यंत्र चालविण्याइतकी जागा नसल्याने द्राक्षांच्या पाट्या पूर्वी खांद्यावरूनच खाली येत. आता काही ठिकाणी एकाच रुळावर चालणारी चिमुकली गाडी ते ओझे वाहते. बोस्को, अल्बारोला आणि वेरमेंतिनो या जातींची निवडक द्राक्षे काढून ती उन्हात न ठेवता हवेशीर जागी सुकवितात आणि त्यापासून 'शाक्केत्रा' नावाची गोड वाइन तयार करतात. शर्यतीचे नाव या वाइनवरूनच आले आहे.

आता पायांच्या गणिताकडे वळू. डोंगरी शर्यतीचे अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजणे फसवे असते. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेच्या ठोकताळ्यानुसार १०० मीटरचा चढ सपाटीवरील एका किलोमीटरइतका धरला जातो. त्या हिशेबाने ४७ किलोमीटरची ही शर्यत प्रत्यक्षात ७३ किलोमीटरच्या श्रमाची ठरते. साहजिकच उभ्या चढावर अनुभवी धावपटूही चालू लागतात. गुडघ्यांवर हात टेकून, लहान पावलांनी, एका लयीत चढत जाणे यात कमीपणा नसून शहाणपण आहे. चढाच्या पहिल्या तासात जो धापा टाकतो, त्याचे पाय शेवटच्या तासात त्याला साथ देत नाहीत.

चढ संपला की सुटलो, अशी नवख्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी धावपटूंवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की १०० मीटर अंतरामागे सुमारे २० मीटर उतरणाऱ्या वाटेवर धावताना सर्वांत कमी, म्हणजे सपाटीच्या जवळपास निम्मीच ऊर्जा लागते. दम लागत नाही हे खरे. पण मांड्यांची स्थिती वेगळी असते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतो. हा स्नायू जणू ब्रेकचे काम करतो आणि त्यात त्याचे सूक्ष्म तंतू दुखावतात. त्यामुळेच खरे दुखणे शर्यतीच्या दिवशी नव्हे, तर पुढील एक ते तीन दिवसांत जिना उतरताना जाणवते.

यावर उपायही उतारच आहे. आधीच्या काही आठवड्यांत बेताने उतार धावण्याचा सराव केला, तर स्नायू त्या ताणाला सरावतात आणि पुढच्या वेळी कमी दुखावतात. महाराष्ट्रातील धावपटूंना त्यासाठी दूर जावे लागत नाही. साताऱ्यात २०१२ पासून होणाऱ्या हिल मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट म्हणजे चढ-उताराची उत्तम शाळाच. सिंहगडाची किंवा नाशिकजवळच्या टेकड्यांची पायवाटही तेच शिकविते.

मित्रांसोबत धावण्याचा प्रश्न मात्र सरावाने नव्हे, तर आधी ठरविलेल्या नियमांनी सुटतो. चौघांच्या टोळीत चौघांचा वेग सारखा कधीच नसतो. शिवाय जो चढाला पुढे असतो तोच उताराला मागे पडतो, असेही अनेकदा घडते. सर्वांत मंद असलेल्याने वेग ठरवायचा, की प्रत्येक माथ्यावर थांबून एकत्र यायचे, याचा निर्णय सुरुवातीच्या रेषेपूर्वीच व्हायला हवा. ठरावीक वेळेत टप्पा न गाठल्यास शर्यतीतून बाहेर काढले जाते, तेव्हा एकासाठी बाकीच्यांनी थांबायचे का, हा प्रश्नही दमलेल्या डोक्याने सोडविण्यासारखा नाही. तो आधी टाळला, तर शर्यत संपते आणि मनात अढी मात्र उरते.

सोबतीला आणखी एक, अधिक गंभीर अर्थ आहे. उष्माघात, थंडीने शरीर गारठणे किंवा अति पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटणे या तिन्ही अवस्थांत माणूस गोंधळतो आणि आपण गोंधळलो आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही. बोलणे अडखळणे, विनाकारण तोल जाणे, साध्या प्रश्नाचे भलतेच उत्तर येणे या खुणा प्रथम दिसतात त्या शेजारी धावणाऱ्या मित्राला. अतिपाण्याचा धोका काल्पनिक नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले होते. म्हणून तहानेप्रमाणे पाणी प्यावे, हा साधा नियम. वाइनने लघवीचे प्रमाण वाढते आणि तोल ढळतो. एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या वाटेवर तिची जागा शेवटची रेषा ओलांडल्यानंतरचीच.

या वाटेवर जपायचे असते ते केवळ स्वतःला नव्हे. चुन्याशिवाय रचलेल्या गडग्यातून पावसाचे पाणी झिरपून जाते आणि माती मात्र जागेवर राहते. पण एखादा दगड निखळला आणि तो वेळीच बसविला नाही, तर पुढच्या पावसात सारा बांध फुगून कोसळतो. तरुण पिढी कष्टाच्या शेतीपासून दूर गेली तसे अनेक टप्पे पडीक झाले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या मुसळधार पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावे गाळ-दगडांखाली गाडली गेली, काही जणांना प्राण गमवावे लागले. पडीक पडलेल्या टप्प्यांवरून माती अधिक घसरली, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. चुना-मातीशिवाय दगड रचण्याच्या या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, ती इटलीसह आठ युरोपीय देशांच्या वतीने.

त्यामुळे येथे धावणाऱ्याने वळण वाचविण्यासाठी बांधावर पाय देणे हा केवळ शर्यतीचा नियमभंग ठरत नाही. एकाच्या पायाने हललेला दगड मागून येणाऱ्या शेकडो पावलांनी निखळतो. अरुंद वाटेवर एकामागे एक धावणे, पुढच्याला ओलांडण्यासाठी रुंद जागेची वाट पाहणे, उतारावर पाऊल हलके ठेवणे या गोष्टींना थोडा वेळ लागतो. पण ही वाट मुळात धावण्यासाठी बांधलेली नाही. खांद्यावर द्राक्षांची पाटी घेऊन उतरणाऱ्या माणसासाठी ती बांधली गेली आणि तो माणूस घाई करीत नसे. त्याच्या चालीचा मान राखून चौघे मित्र एकत्र खाली पोहोचले, तर घड्याळात कोणताही आकडा असो, शर्यत साधली असेच म्हणावे लागेल.